वाफ काचेला आतनं धरते

मंगळवार, ३ डिसेंबर

ही कॉलेजची वही. पुढच्या अर्ध्यात कॉस्टिंग, मागचा अर्धा कोरा. कॉलेज सुटलं म्हणून कोरा. सुटलं म्हणजे मीच सोडलं. सायन्सचं एक पोरगं शिवांजलीला मोबाईलवर फोटो दाखवत होतं, डोक्याला डोकं लावून. कँटीनपुढंच त्याला दोन ठेवून दिल्या. प्राचार्य म्हणाले, वडिलांना घेऊन ये. आबांना कॉलेजात नेण्यापेक्षा मीच परत गेलो नाही. याला आता वर्ष होत आलं.

तीन महिने झाले, मिलिंददादाकडं आहे. इस्लामपुरात पेठ रोडला त्यांचं शेड. सीट कव्हर, वायरिंग, आणि हिवाळ्यात मुख्य काम गाडीतली ओल काढायची. सांगलीच्या महापुरानंतर दादांनी बुडलेल्या गाड्या इतक्या उघडल्या की त्यांना नुसत्या वासावरनं कळतं पाणी कुठं बसलंय. आबा म्हणाले होते, आपल्यातलं कोण गॅरेजवालं न्हाई का. मी म्हटलं, काम शिकवणारा हाच आहे.

सध्या रोज सकाळी दोन-तीन गाड्या येतात. उसातलं धुकं आणि आतनं पांढरी झालेली काच. आज एकाची काच मी हातानंच पुसली.  गिऱ्हाईक गेल्यावर दादा मला त्यांच्या जुन्या व्हॅनजवळ घेऊन गेले, दार लावलं, आणि काचेवर तोंडानं हाऽऽ केलं. काचेवर मांजर आलं. मिशा, शेपूट, सगळं. त्यांच्या पोरीनं दिवाळीत बोटानं काढलेलं. तेव्हापासनं दिसत नव्हतं आणि तरी तिथंच होतं.

"बोटाचं तेल ऱ्हातंय काचंवर," म्हणाले. "वाफ आली की परत उठतंय. म्हणून काच हातानं पुसायची न्हाई. आणि काच पुसून काय हुतंय? पाणी कुठं बसलंय ते हुडक."

ट्रकवाले काचेला आतनं थोडा शाम्पू लावतात, तिथं वाफ धरत नाही, हेही आज सांगितलं.

शिवांजलीबद्दल लिहायचं म्हणून खरं तर वही काढली. दमलो. नंतर.

बुधवार, ४ डिसेंबर

लिहितोच.

गेल्या वर्षी १४ डिसेंबरला कॉलेजची सहल चांदोलीला गेली. सायन्स आणि कॉमर्स मिळून दोन एसट्या, तीन सर, दोन मॅडम. धरणावर वारा असा की कान दुखत होते. मी तिला माझं जॅकेट देऊ केलं. ती म्हणाली, "नको दादा, माझ्याकडं शाल हाय." मॅडम शेजारीच उभ्या होत्या, त्यामुळं दादा म्हणावंच लागलं तिला.

येताना मी तिच्या मागच्या सीटवर. खिडकीवर वाफ धरलेली. मी हात लांब करून तिच्या काचेवर तिचं नाव लिहिलं. तिनं बघितलं, आणि शालीच्या टोकानं पुसून घेतलं. हे मी कितीतरी वेळा आठवतो. हातानं पुसता आलं असतं. शालीनं पुसलं, म्हणजे ते तिनं स्वतःकडं घेतलं. मनात काही नसताना असं कोण करतं?

नंतर तिचा नंबर बदलला. सिम हरवलं असणार. बसही बदलली, सातची सोडून सव्वासहाची धरायला लागली. तिच्या आईची तब्येत बरी नसते, घरी लवकर परतायचं असेल.

रविवार, ८ डिसेंबर

रेश्मा आली होती. रेश्मा म्हणजे माझी आतेबहीण, शिवांजलीच्याच वर्गात आहे. चहा पिता पिता सहज बोलल्यासारखं बोलली, की शिवांजलीचा साखरपुडा दिवाळीतच झाला. पोरगा फौजी, कराडजवळचा. लग्न पौष संपल्यावर, दोन फेब्रुवारीला. पोरगा चांगला आहे म्हणे. लग्नानंतरही बी.एस्सी. पूर्ण कर, पुढं कोल्हापूरला एम.एस्सी. कर, असं तिच्या वडिलांसमोर बोलला.

मी म्हटलं, मला आत्ता सांगतीस व्हय?

"तुला सांगायचं न्हाई असं तीच म्हणाली हुती," रेश्मा म्हणाली.

बरोबर आहे. मी काय करून बसेन याची तिला भीती. माझी काळजी आहे तिला.

सोमवार, ९ डिसेंबर

आज एका गाडीचा बाजूचा आरसा माझ्या हातनं फुटला. मारला होता खरं तर. दादांना म्हटलं, निसटला.

सोमवार, १६ डिसेंबर

तो आला.

रुपेरी गाडी, जुनी घेतलेली, दार उघडलं की कुजलेल्या पोत्याचा वास. उतरला तो उंच, केस बारीक कापलेले, बूट चकाचक. म्हणाला, सुट्टीवर आलोय, सांगलीत कुणाकडनं तरी गाडी घेतली, सकाळी काच पुसून पुसून हात दुखतो. सासऱ्यांनी इथला पत्ता दिला. दादांनी नाव विचारलं. वीरधवल. नावातच बँडबाजा.

मला अजून कळलं नव्हतं. त्यानं मोबाईल डॅशबोर्डवर ठेवला, स्क्रीन उजळली, आणि तिच्यावर शिवांजली. डोक्यावर पदर, गळ्यात हार.

पाना हातातनं पडला. बोट कापलं. त्यानं खिशातला रुमाल काढून घट्ट बांधलासुद्धा. "दाबून धर गड्या, थांबंल." त्याच्यापुढं हात करून मी उभा, लहान पोरासारखा.

दादांनी मॅट उचलली. खालचा नमदा, जाड लोकरी थर, भिजून शेवाळलेला, त्याखाली गाळ, मेंदीसारखा बारीक. दादा म्हणाले, ही महापुरातली गाडी आहे, एकदा नाही दोनदा पाणी प्यालीय. विकणाऱ्यानं फसवलं. बरी होईल, पण दहा दिवस लागतील. वीरधवल हसला. म्हणाला, लागू द्या, बस्त्याला जायच्या आधी मिळाली की झालं. २९ ला सांगलीला बस्ता. पौष लागला की आईला खरेदी चालत नाही.

सीट त्यानं स्वतःच सोडवल्या. आम्ही तिथं सगळं आपणच करतो, म्हणाला.

घरी येऊन आडवा पडलो आणि एक गोष्ट सुचली. पत्ता सासऱ्यांनी दिला. म्हणजे शिवांजलीच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी. पण आप्पासाहेबांना कुणी सुचवला? मी इथं आहे हे तिच्या घरात एकट्या तिलाच माहीत असणार, रेश्मानं सांगितलं असेल. गाडी तिनंच माझ्याकडं पाठवली.

शुक्रवार, २० डिसेंबर

चार दिवस गाडी उघडी पडलीय. मॅट, नमदा, सीट सगळं उन्हात. बॉनेटखालची, पाणी जायची दोन भोकं उसाच्या पाचोळ्यानं गच्च भरलेली निघाली. दादांनी तारेनं साफ करायला लावली. मागच्या दाराचं रबर बदललं. स्टेपनीच्या खड्ड्यात वाटीभर पाणी होतं, त्यात डासांच्या अळ्या.

वीरधवल रोज येतो. काम नसलं तरी बसतो. काल भेळ घेऊन आला होता तिघांसाठी. मला विचारलं, शिकलास किती? सेकंड इयर म्हटलं. म्हणाला, परीक्षा बाहेरनं दे, मी माझं असंच केलं, बर्फात बसून अभ्यास. पुस्तकं पाठवीन म्हणाला. हा मला पुस्तकं पाठवणार. माझ्या वाटणीचं उचलून नेणार आणि पुस्तकं पाठवणार.

दादांना तो आवडतो. आवडू दे.

मंगळवार, २४ डिसेंबर

नमदा वाळला. दादांनी हात फिरवून बघितला, मग गाल टेकवून. गाल खोटं बोलत नाही म्हणतात.

दुपारी वीरधवलला त्यांनी शिकवलं. सकाळी आतली हवा आतच फिरवायचं बटण बंद ठेवायचं, बाहेरची घ्यायची, थंडीतही दोन मिनटं एसी लावायचा. माणसाचा श्वास म्हणजे पाणीच की. सहा माणसं काचा लावून बसली की काच गेलीच समज.

तो लक्ष देऊन ऐकत होता. मीपण.

शुक्रवार, २७ डिसेंबर

काय लिहायचं ते तीन दिवस ठरवत होतो. नुसतं तिचं नाव लिहिलं तर त्यानं स्वतःच लिहिलं असं वाटेल सगळ्यांना, हसतील. शिवी लिहिली तर माझीच लाज. शेवटी सुचलं ते इतकं सोपं होतं की मी शेडमध्ये एकटाच हसलो.

शिवांजली – शंभू. चांदोली. १४ डिसेंबर.

यात खोटं काय आहे? ती होती. मी होतो. चांदोली होतं. तारीख खरी.

आज दादा जेवायला घरी गेले तेव्हा आधी त्यांच्या व्हॅनच्या काचेवर करून बघितलं. शाम्पूत बोट बुडवून एक रेघ, वाळू दिली, डोळ्याला काहीच नाही. मग आत बसून दहा मिनटं श्वास सोडत राहिलो. सगळी काच पांढरी, रेघ तेवढी स्वच्छ, चाकूनं कापल्यासारखी.

मग गाडीत. पुढच्या काचेच्या डाव्या बाजूला, वर, सावकाश. अक्षर चांगलं काढलं. गाडी आता कोरडी ठणठणीत, वाफ धरेल का खात्री नव्हती, म्हणून मॅट उचलून नमद्यावर दीड तांब्या पाणी ओतलं आणि मॅट परत दाबून बसवली. हवेचं बटण आतल्या आत केलं.

दादा आले. म्हणाले, झालं का पुसून? झालं म्हटलं.

शनिवार, २८ डिसेंबर

घेऊन गेला. दुपारची वेळ, ऊन कडक, काच आरशासारखी. दादांना पाया पडला. मला मिठी मारली. म्हणाला, "लग्नाला यायचं शंभू, कारण सांगायचं न्हाई."

मी म्हटलं, बघू.

आत्ता थोडं कसंतरी होतंय. जेवलो नाही, त्यामुळं असेल.

रविवार, २९ डिसेंबर

काही कळलं नाही. रेश्माला चार फोन केले. उचलत नाही.

सोमवार, ३० डिसेंबर

रेश्मा आली. बसली नाही. दारातच उभी राहून बोलली. ती त्या गाडीत होती. पुढं वीरधवल आणि आप्पासाहेब, मागं चौघी दाटीवाटीनं, वीरधवलची आई विजयमालाकाकी, शिवांजली, तिची आई आणि रेश्मा. साडेसहाला निघाले. उसातनं धुकं. शिवांजलीला सर्दी होती म्हणून वीरधवलनं काचा वर केल्या. तिच्यासाठी.

आष्ट्याच्या अलीकडं काच पांढरी व्हायला लागली. वीरधवल म्हणाला, आत्ताच तर दुरुस्त केली. आणि अक्षरं उठली. आधी कुणाला कळेना काय ते. विजयमालाकाकींनी मागनं वाकून मोठ्यानं वाचलं, पहिलीच्या पोरीसारखं, एकेक शब्द. मग विचारलं, "शंभू कोण?"

 वीरधवलनं गाडी कडंला घेतली, रुमालानं पुसलं. निघाले. परत उठलं. परत पुसलं. रेश्मा म्हणाली, तीनदा पुसलं, तीनदा आलं, दर वेळी आधीपेक्षा फरकटलेलं, पण नाव वाचता येत होतं. तिसऱ्या वेळी आप्पासाहेब म्हणाले, गाडी वळवा.

ओटीचा नारळ विजयमालाकाकींच्या मांडीवर तसाच होता. तो परत घेऊन गेल्या.

मी विचारलं, शिवांजली काय म्हणाली?

"ती सांगत हुती की सहल हुती म्हणून. कोण ऐकतंय? तिच्या आईनं तिथंच, चालत्या गाडीत तिच्या थोबाडात मारली." रेश्मा माझ्याकडं बघत होती. "तू केलंस ना रं हे?"

मी म्हटलं, मी काय खोटं लिहिलंय ते दाखव.

गेली. दार आपटलं नाही, याचा राग आला.

आईनं मारलं हे वाईट झालं. तिच्या आईला मी कधीच माफ करणार नाही.

गुरुवार, २ जानेवारी

वीरधवल आला, मोटरसायकलवर, एकटा. मी वाटच बघत होतो. व्हील पाना हाताशी ठेवला होता. तो मारणार, मग मी मारणार, असं मनात पक्कं केलेलं.

त्यानं मारलं नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. डोळे सुजलेले. दादाही काम सोडून आले.

म्हणाला, मी तिला विचारलं, ती म्हणाली कॉलेजची सहल होती, साठ पोरं, सर, मॅडम. माझा विश्वास आहे. माझ्या आईचा नाही. आई म्हणते, त्या पोराच्या तोंडनं ऐकल्याशिवाय मांडव घालायचा नाही. मग मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. फोन लागलेला होता, पलीकडं त्याची आई.

"तू फकस्त एवढंच म्हण, सहल हुती. दुसरं मी काय इचारत न्हाई. का लिवलंस तेबी इचारत न्हाई."

दादा म्हणाले, "शंभू, तोंड उघड."

सगळे माझ्याकडं बघत होते. फोनमधनं त्या बाईचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या एका शब्दावर थांबलं होतं. हा सहा फुटी गडी, फौजेतला, माझ्यापुढं स्टुलावर.

मी म्हटलं, "सहलीतबी लय काय काय हुतं, भाऊ. तिलाच विचारा."

फोन पलीकडनं बंद झाला.

 वीरधवल उठला, स्टूल होतं तिथं नेऊन ठेवलं, आणि गेला. दादांनी मला कानाखाली मारली. एकच. म्हणाले, उद्यापासनं येऊ नको. आणि मग, हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणाले, "वल मी गाडीत हुडकत बसलो."

त्यांचा हात जड आहे. अजून कान वाजतोय.

शुक्रवार, ३ जानेवारी

घरी बसून आहे. बरं वाटतंय.

रविवार, १२ जानेवारी

लग्न मोडलं. पक्कं.

मिलिंददादा स्वतः आप्पासाहेबांकडं आणि कराडला जाऊन आले म्हणे. माझ्या शेडात घडलं, शाम्पूनं लिहिलेलं, पाणीही त्यानंच ओतलं, नमदा बघा, असं सगळं सांगितलं. विजयमालाकाकींनी चहा दिला आणि म्हणाल्या, लिहिलं कशानं ते आम्हाला काय करायचंय, नावं तर खरी आहेत ना. दादांना चहावरच बोळवलं.

वीरधवल सुट्टी अर्धी टाकून ड्यूटीवर गेला. गाडी विकली, मिळेल त्या भावात.

आप्पासाहेबांनी शिवांजलीचं कॉलेज बंद केलं. मोबाईल काढून घेतला. परीक्षा अडीच महिन्यांवर आलीय. रेश्मा म्हणाली, पाच सेमिस्टर पहिली आलेली पोरगी, आता शेळीसारखी आतल्या खोलीत. रेश्मा अलीकडं असंच टोचून बोलते.

एका अर्थी बरंय. आता मध्ये कुणी नाही.

रविवार, १९ जानेवारी

आबांना सांगितलं, माझ्यासाठी शिवांजलीला मागणी घाला.  आबा म्हणाले, तुझ्यामुळं तिचं मोडलं ना? मी म्हटलं, म्हणूनच. आई म्हणाली, पोरगी चांगल्या घरची आहे, आता आपल्यालाही नाही म्हणणार नाहीत. आई व्यवहारी आहे.

पौष संपू दे, मग आत्याला घेऊन जाऊ म्हणाले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आत्या आणि आबा जाऊन आले. आप्पासाहेबांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मान खाली घालून ऐकलं. म्हणाले, आता बोलण्यासारखं माझ्याकडं काय राहिलंय, करून टाकू. आटपाडीकडनं एक स्थळ आलंय, बायको गेलेली, दोन लहान पोरं. त्यापेक्षा तुमचं बरं. पोरीला विचारतो, दोन्ही सांगतो, ती म्हणेल ते. एवढं तरी तिला विचारायला पाहिजे, असं म्हणाले.

एकीकडं मी. एकीकडं चाळिशीचा गडी आणि दोन पोरं. विचारायचं काय त्यात?

इस्लामपुरातनं शर्ट आणला, निळा. तिला निळा आवडतो. सहलीत शाल निळी होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आटपाडी म्हणाली.

आप्पासाहेबांनी तीनदा विचारलं म्हणे. आईनं मारलं परत. आटपाडीच म्हणाली.

आरसा फोडला, घरचा. हाताला सात टाके.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे रागानं केलंय तिनं. माझ्यावर रुसून. रुसायला माणूस आपलं लागतं. उद्या सकाळी तिला पश्चात्ताप होईल आणि तिच्याकडं मोबाईल नाही. त्यांच्या घराजवळनं दोनदा गेलो. खिडकी बंद होती. कडी आतनं लावलेली.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज लागलं लग्न. आटपाडीला, देवळात, पन्नास माणसांत. रेश्मा गेली होती. संध्याकाळी मीच तिच्या घरी गेलो, ती दारात तांदूळ लागलेल्या साडीतच बसली होती. मला बघून आत जायला उठली. मी म्हटलं, एकदाच सांग, परत विचारणार नाही. तिनं सांगितलं. माझ्या तोंडाकडं न बघता.

त्या माणसाची थोरली पोरगी सात वर्षांची. अक्षता टाकायच्या आधी ती शिवांजलीजवळ येऊन उभी राहिली आणि विचारलं, तू अभ्यास घेशील का? शिवांजली हो म्हणाली. माणूस म्हातारा दिसत नाही, थकलेला दिसतो. कमी बोलतो.

रेश्मानं तिला खोलीत गाठून विचारलं होतं, का केलंस हे, निदान शंभू ओळखीचा तरी होता. तेव्हा शिवांजली काय म्हणाली, ते रेश्मानं मला शब्द न् शब्द सांगितलं.

"आटपाडीच्या माणसानं अजून माझं काय वाईट केलेलं न्हाई. तेवढ्यावर व्हय म्हणले मी. शंभूराजला सगळं ठावं हुतं. चांदोलीला काय झालं न्हाई ते जगात मला आणि त्यालाच नीट ठावं, आणि त्यानं फोनपुढं ते सांगितलं न्हाई. त्याच्या घरात जाऊन मी रोज सकाळी कुणाचं तोंड बघू?"

रेश्मा रडत होती. मी तिला विचारलं, नेमकं काय म्हणाली, शंभू का शंभूराज?

ती म्हणाली, काय फरक पडतो?

मी म्हटलं, सांग ना.

"शंभूराज."

पूर्ण नाव. दोन वर्षांत तिच्या तोंडात माझं नाव कधी आलं नव्हतं. तो म्हणायची, दादा म्हणायची, नाहीतर काहीच नाही. लग्नाच्या दिवशी, अंगाला हळद असताना, तिनं माझं पूर्ण नाव घेतलं. आणि म्हणाली, जगात फक्त मला आणि त्याला. ही दोघांची गोष्ट आहे असं ती स्वतः म्हणाली.

रेश्माला म्हटलं, तिच्या सासरचा नंबर असेल तर दे. तिनं पायातली चप्पल काढून हातात घेतली, आणि मारलं नाही, नुसती धरून बसली.

घरी आलो. आबांना सांगितलं, इथं आता माझं काम सुटलंय, दुसरीकडं बघावं लागेल. आबा म्हणाले, बघ बाबा, कुठंतरी लाग.

उद्या पहाटेच्या गाडीनं आटपाडीला जातो. तिकडंही गाड्या असतील, गॅरेजं असतील. कुणाला माणूस पाहिजे का ते विचारून बघतो.